पुलाबद्दलचं एक वाक्य

नाही नाही, घ्या हो. तपकिरी चीजच आहे, चावत नाही. मी दोघांपुरते पाव बांधून आणले आणि आमचे वकीलसाहेब, आयव्हिंद, कागदांच्या प्रती काढायला पळाले — ते आता सुनावणी सुरू होताना उगवणार. तुम्ही दुभाषे ना? लगेच ओळखलं मी. सूट, टाय, तोंडाला कुलूप. बरोबरच आहे, दुभाष्याने खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नसतं. तुम्ही फक्त ऐका. आमच्या बर्गन शहरात बाकावर अनोळखी माणसाशी बोलणारी बाई वेडी समजतात, पण आज मला गप्प बसवत नाही, तेव्हा वेडी तर वेडी.

मी टुरुन. काम काय — लोक ज्या देशातून जीव घेऊन पळून येतात तिथली खरी परिस्थिती शोधायची. बाजार कोणत्या वारी भरतो, पलटणीतून पळालेला सापडला तर त्याचं काय करतात. त्यावरून ठरतं, माणूस सांगतोय ते पटण्यासारखं आहे का. पूर्वी सरकारी कचेरीत करायचे, आता वकिलांसाठी करते. माणूस मात्र बघायचा नाही. चेहरा बघितला की मन पाघळतं, म्हणून फक्त कागद. आज ज्याचा खटला आहे ना, एरिट्रियाचा मेहरी, त्याचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही मी.

तर हा मेहरी म्हणतो, मी अदी-केलोमचा, पलटणीतून पळून आलो. मुलाखतीत विचारलं, गावाहून शहरात कसे जायचात? म्हणाला, दर गुरुवारी बस, पूल ओलांडून. झालं, आश्रयाचा अर्ज फेटाळला. का? तर तीन-तीन अहवालांत लिहिलंय, पूल वाहून गेलाय, बस बंद आहे. म्हणजे हा त्या गावचाच नाही, म्हणजे पलटणही थाप. आज हरला तर परत पाठवणार, आणि परत गेला की थेट तुरुंग — हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही तिकडचेच.

म्हटलं, बघू तरी हे अहवाल. पहिल्याने दुसऱ्याचा आधार घेतलेला. दुसऱ्याने तिसऱ्याचा. आणि तिसऱ्याने कोणाचा? — आधी घास गिळा, ठसका लागेल — माझा. अकरा वर्षांपूर्वीचं माझं एक वाक्य, तीन देश हिंडून तीन साक्षीदार होऊन बसलेलं. हसलात ना? मीही हसले. मग दोन दिवस जेवण गेलं नाही.

मला तरी कोणी सांगितलं होतं? एका चहावाल्याने, फोनवर. पूल गेला होता, खरंच गेला होता — त्या आठवड्यात. वाक्यापुढे तारीख घालायची आणि महिन्याभराने पुन्हा एक फोन करायचा, एवढंच काम. पण ईस्टरच्या आधीचा बुधवार, दुपारचे बारा, सुट्टीला डोंगरावरच्या लाकडी घरी जायचं म्हणून नवरा खाली गाडी सुरू करून उभा. त्या दिवशी बारानंतर या देशात कचेरीत कोणी बसलेलं पाहिलंय तुम्ही? तारीख राहिली. फोनही राहिला. हे आयव्हिंदलाही सांगितलेलं नाही हं मी. त्याला वाटतंय, साक्षीला उभी राहून माहिती जुनी आहे एवढं म्हणून मी खाली बसणार.

परवा तो चहावाला सापडला. म्हातारा झालाय, पण आवाज खणखणीत. म्हणाला, बाई, पंधरा दिवसांत आम्ही फळ्या टाकल्या, तुम्ही पुन्हा विचारलंच नाहीत.

हे काय करताय पावाच्या कडांचं? या दोन फळ्या, बरं. बोटं कसली? अच्छा, माणसं — सगळी खाली उतरतात, रिकामी बस पुढे जाते आणि माणसं मागून चालत. अहो, अगदी हेच म्हणाला तो चहावाला! बघा नशीब, दुभाषाही त्याच भागातला मिळाला. पण तुम्ही असं काही सुचवायचं नसतं हं.

दार उघडलं वाटतं. मेहरी ओकबाझगी — हाक मारताहेत. ऐनवेळी कुठे तडमडला हा? तुम्ही बसा हो, तुम्हाला नाही, त्याला बोलावताहेत.

अहो, तुम्ही का उठलात?

अगंबाई.

नाही, माफी इथे नाही मागत. आत मागते, सगळ्यांसमोर, ईस्टरसकट. तो पाव टाकू नका, खिशात ठेवा, वेळ लागेल. आणि बाहीवरचे तुकडे झटका.

चला, मेहरी.