हसनाबादला खर्चा न्हाई

माझी पगारवाढ कशी हुकली, ते तुम्हाला सांगितलं का? मंग ऐकाच.

पुण्याची खोली सोडून मी हसनाबादला आल्तो अन् घरूनच लॅपटॉपवर काम करून राह्यलो होतो. एक दिवस ऑनलाइन मीटिंगमधी आमच्या कंपनीच्या मॅडमनं एकेकाला विचारलं, "तुमच्याकडं राहायला खर्च किती येतो?" पुण्यावाला भाड्याच्या नावानं रडला, बंगळुरूवाली रिक्षाच्या नावानं. माझा नंबर आला तं मी कॉलर ताठ केली.

"मॅडम, आपल्याला बिलकुल खर्चा न्हाई! घर वडलांचं, दूध म्हशीचं, भाजी शेतातली."

"वा, छान!" म्हणत मॅडमनं लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात सगळ्यांचा पगार वाढला, माझा सोडून.

अण्णांना, म्हंजी वडलांना सांगितलं, तं त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, मी मोंढ्यात व्यापाऱ्याकडं कापूस नेला की आधी फवारणीचा खर्चा सांगतो, मजुरी सांगतो, मंग भावाचं बोलतो. तू एवढा शिकला, अन् व्यापाऱ्यालाच सांगून आला की माल फुकटात पिकला?"

तव्हापासून मॅडमनं नुसतं "कसे आहात?" विचारलं, तरी मी तोंड पाडून म्हणतो, "यंदा काई खरं न्हाई, मॅडम."