बोटभरही हलता कामा नये

...आणि म्हणे हिरवी! अहो, मला आठवते ती निळी. गडद निळी, म्हणजे... निळसर तरी नक्कीच. पण ही म्हणते हिरवी, आणि ती इतक्या ठामपणे म्हणते की मला माझीच शंका यायला लागते. या वयात माणसाला सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, तिथे इतक्या वर्षांपूर्वीच्या, गाडीत लावायच्या एका लहान मुलाच्या सीटचा रंग मी छातीठोकपणे कसा सांगू? बरं, रंग सोडा. बाकी जे सांगतो ते खरं आहे. बहुतेक.

तर तुम्हाला सांगतो, आमची नात तेव्हा जेमतेम शाळेत जायच्या आधीच्या वयाची. नाव काहीही असो, घरात ती भिंगरी. लेक आणि जावई दोघंही नोकरीला, बाकीचे दिवस कसेबसे निभायचे, पण दर गुरुवारी भिंगरीला कोण सांभाळणार हा प्रश्न. जावयाचं म्हणणं, पाळणाघरात घालू. माझं म्हणणं, मी काय मेलोय? लेक म्हणाली, "बाबा, तसं नाही हो, पण तुम्ही तिला एकट्यानं बाहेर नेऊ शकाल का?" आता बघा! मी आयुष्यभर गतिशास्त्र शिकवलं. माझा प्रबंध घर्षणावर आहे, घर्षणावर! एक वस्तू दुसऱ्या वस्तूवरून का घसरते आणि का घसरत नाही, यावर मी ऐन तारुण्याची वर्षं घालवली आणि शेवटी परीक्षक चष्मा काढून म्हणाले काय, तर "ठीक आहे, पण प्रत्यक्षात याचा उपयोग काय?" तो प्रश्न माझ्या घशात अजून हाडकासारखा अडकलेला आहे. आणि आता पोटची पोरगी विचारते, नेऊ शकाल का!

शेवटी ठरलं की एकदा परीक्षा घ्यायची. भिंगरीला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. टॅक्सीनं न्यायचं, टॅक्सीनं आणायचं, एकट्यानं. जमलं तर गुरुवार माझा, नाही जमलं तर पाळणाघर. लेकीनं ती सीट आणून माझ्यासमोर ठेवली आणि बोट वर करून म्हणाली, "टॅक्सीवाला म्हणेल जवळच तर जायचंय, मांडीवर घ्या. घ्यायचं नाही. सीट मागे लावायची, पट्टा ओढायचा, आणि धरून हलवून बघायची. बोटभरही हलता कामा नये."

बोटभरही हलता कामा नये! झोपच उडाली माझी. कुणाचं बोट? लेकीचं की माझं? कुठल्या दिशेनं? मी सीटबरोबर आलेली पुस्तिका वाचली, परत वाचली, मग समासात पेन्सिलीनं शंका लिहिल्या. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं की सीटच्या खाली काहीही ठेवू नये. का ठेवू नये? कारण दिलेलं नाही! कारण न देता विधान करायचं म्हणजे काय? मी तर विद्यार्थ्यांचे गुण कापायचो. शिवाय टॅक्सीच्या आसनांना ते गुळगुळीत रेक्झिन असतं, त्यावर घर्षण किती कमी! मग माझ्यातला तो जुना प्रबंधवाला जागा झाला आणि मी हळूच जाऊन बाथरूममधली रबरी चटई काढून आणली. पाय घसरू नये म्हणून हिनं टाकलेली. म्हटलं, जी हिला घसरू देत नाही ती सीटला काय घसरू देणार!

त्याआधी सोफ्यावर तालीम केली. भिंगरीच्या वजनाची तांदळाची पिशवी घेतली, सीटमध्ये बसवली, खांद्यावरून पट्टे आणले, छातीपाशी कुलूप लावलं. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "झालं का? आता तांदळाचे दात दाखवून आणा."

ठरल्या दिवशी टॅक्सी आली. टॅक्सीवाला म्हणजे मानच नसलेला, रुंद, घाईतला माणूस. मला ती सीट कवटाळून उभा बघून म्हणाला, "काका, जवळच तर जायचंय, पोरीला मांडीवर घ्या की." बघा! शब्द न् शब्द! मी म्हटलं, "महाशय, गाडी धावत असताना तुम्ही अचानक थांबलात तर गाडी थांबेल, पण ही मुलगी थांबणार नाही, ती त्याच वेगानं पुढं जात राहील, आणि तेव्हा तिचं वजन माझ्या हातांना..." तो म्हणाला, "मी अचानक थांबत नाही." मी म्हटलं, "तुमच्या पुढचा थांबला तर?" तो म्हणाला, "तो थांबला तर मी शिव्या देतो." आता या युक्तिवादाला गतिशास्त्रात उत्तर नाही.

मी भिंगरीला हिच्यापाशी फुटपाथवर उभं केलं आणि आत शिरलो. चटई अंथरली. तिच्यावर सीट ठेवली. गाडीचा पट्टा सीटच्या पाठीमागून ओवला, खटकन कुलपात बसवला, आणि मग तुम्हाला सांगतो, मी दोन्ही गुडघे त्या सीटमध्ये रोवून वर चढलो. अंगाचं सगळं वजन खाली, डोकं गाडीच्या छताला, आणि पट्टा ओढतोय, ओढतोय... टॅक्सीवाला आरशातून बघत होता. म्हणाला, "काका, तुम्ही बसणार आहात का त्यात?" खाली रबर चिरकलं, पट्टा सतारीच्या तारेसारखा ताणला गेला, मी उतरलो आणि सीट धरून हलवली.

सीट हलली नाही. गाडी हलली!

भिंगरीला बसवलं, फुटपाथच्या बाजूच्या दारातून, हे मी विसरलो नाही हं. तिचे पट्टे लावले, माझा पट्टा लावला, मागचं दार आतून उघडत नाही ना ते पाहिलं. भिंगरी म्हणाली, "आबा, तुला घाम का आला?" मी म्हटलं, "अभ्यासाचा आहे." आणि सबंध रस्ताभर, वळणावर, खड्ड्यात, सिग्नलला, मी एक हात त्या सीटवर ठेवून होतो. बोटभरही नाही! एकदा पुढचा खरंच थांबला, आमच्या माणसानं खरंच शिव्या दिल्या, भिंगरीनं त्यातली एक लगेच पाठ केली, पण सीट? जागच्या जागी! मनात म्हटलं, या परीक्षकमहाराज, बघा उपयोग!

पोचलो. भिंगरीला सोडवून फुटपाथवर उतरवलं, तिचा हात घट्ट धरला, आणि दुसऱ्या हातानं सीट काढायला गेलो.

निघेना.

अहो, निघेना म्हणजे काय, कुलपाचं ते लाल बटणच दिसेना! मी वर चढून एवढं दाबलं होतं की बटण गेलं सीटच्या बुडाखाली, आणि बूड चिकटलं रबराला, आणि रबर चिकटलं रेक्झिनला. वर-खाली नाही, पुढं-मागं नाही, तिरपी नाही. टॅक्सीवाला उतरून आला, "सरका काका" म्हणाला, त्यानं ओढली. दात खाऊन ओढली. गाडी पुन्हा हलली. मग म्हणाला, "काय सिमेंट घातलंय का?" मी म्हटलं, "घर्षण आहे." तो म्हणाला, "मग काढा ना तुमचं घर्षण!"

आणि इथं, तुम्हाला सांगतो, मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की माझ्या सबंध प्रबंधात वस्तू घसरू कशी द्यायची नाही हे आहे, पण ती नंतर सोडवायची कशी यावर एक ओळसुद्धा नाही!

तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक हजर. सूट घातलेला, पेटीवाला, घड्याळ बघणारा. "मला गाडी पकडायचीय!" मग त्यानंही कोट काढून ओढली. तिघं जण एका लहान मुलाच्या सीटला ओढतोय, माझा एक पाय आत, एक बाहेर, हातात भिंगरी, आणि भिंगरी मोठ्यानं ती नवी शिवी म्हणतेय. टॅक्सीवाला म्हणाला, "कापू का पट्टा?" मी म्हटलं, "कापा." मग तोच म्हणाला, "अहो, पट्टा माझा आहे!" शेवटी सूटवाला कुरकुरत पुढं बसला आणि टॅक्सीवाला म्हणाला, "मी यांना सोडून परत येतो, तुम्ही दात दाखवून घ्या." आणि गेला. माझ्या डोळ्यांदेखत, मागच्या काचेतून ती सीट ताठ बसून, एकटी, निघून गेली. काय सुरक्षित चालली होती हो!

गाडीचा नंबर? केला होता ना पाठ! पण दवाखान्यात बाईंनी भिंगरीचं वय विचारलं, वजन विचारलं, दात किती ते विचारलं, सगळे आकडे त्या नंबरात जाऊन मिसळले. दात उत्तम निघाले. टॅक्सीवाला काही येईना. फुटपाथवर उभं राहून राहून भिंगरी कंटाळली. दुसरी टॅक्सी करू? सीटशिवाय? लेकीचं ते वर केलेलं बोट डोळ्यांपुढं आलं. राहता राहिली बस.

आता बसमध्ये सीट नाही, पट्टा नाही, कुलूप नाही, काही नाही. त्यातल्या त्यात विचार करायला हवा की नको? दाराजवळ नको, दार उघडतं. सगळ्यात पुढं नको, पुढं काच. मधल्या मोकळ्या जागेच्या मागचं बाकडं नको, ब्रेक लागला तर अडवायला काही नाही. मी दांड्याला धरून, भिंगरीला पोटाशी धरून, एकेका बाकाचा विचार करत चाललोय आणि मागं लोक खोळंबलेत. एकजण ओरडला, "आजोबा, घर बघताय का भाड्यानं?" शेवटी मधलं एक बाक मिळालं, समोर उंच पाठीचं दुसरं बाक. खिडकीकडे सरकलो, भिंगरीला मांडीवर घेतलं, दोन्ही हात तिच्याभोवती गुंफले, मफलरचा एक वेढा, दोन्ही पाय समोरच्या बाकाला टेकवले, आणि बस सुटायच्या आधीच डोळे मिटले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, श्वास घेऊ द्या तिला!" मागची कॉलेजची पोरं म्हणाली, "आजोबा, उडणार नाहीये ही, बसच आहे!"

भिंगरी म्हणाली, "आबा, सोड ना."

मी म्हटलं, "बोटभरही हलायचं नाही."

"आबा, अरे पण..."

"बोटभरही नाही!"

घर येईपर्यंत माझ्या हातांना मुंग्या, पायांना गोळे. दारात लेक उभी, अर्धी रजा टाकून आलेली. तिनं भिंगरीला बघितलं, मला बघितलं, माझ्या मागं बघितलं. "बाबा, सीट?"

मी म्हटलं, "अगदी पक्की बसलीय."

"कुठं?"

"टॅक्सीत."

"आणि टॅक्सी?"

जावई आतून खाकरला. त्या खाकरण्यात सबंध पाळणाघर होतं, हो! माझे गुरुवार गेलेच म्हणून समजा. लेक भिंगरीपाशी बसली, "मग तू आलीस कशी गं?" भिंगरी म्हणाली, "बसनी. आबानी मला इतकं घट्ट धरलं, बोटभर पण हलू दिलं नाही." लेकीचा चेहरा जरा निवळला, मी मान वर केली, आणि भिंगरी पुढं म्हणाली, "मला शू आली होती तरी."

मग सगळ्यांनी माझ्या पँटकडे पाहिलं.

हसले हो! आधी लेक, मग ही, मग जावईसुद्धा. हसून हसून लेक म्हणाली, "गुरुवार तुमचा, बाबा. पण एक अट. पायी." त्या दिवसापासून भिंगरी कॉलेजात जाईपर्यंत आम्ही दोघं गुरुवारी सगळीकडे पायी. उन्हात पायी, थंडीत पायी. बागेत, वाचनालयात, पुन्हा त्याच दातांच्या डॉक्टरांकडे. पावलं दुखली, पण गुरुवार एकही सोडला नाही. आणि ही इकडे इतकी वर्षं विचारतेय, "माझी बाथरूममधली चटई कुठं गेली?" मी म्हणतो, आठवत नाही. या वयाचा तेवढा तरी फायदा.

आणि आता... ही आत आहे ना? मग हळू सांगतो. मागच्या महिन्यात भिंगरीला जुनी गाडी घ्यायची होती, चालवायला शिकलीय ना, म्हणून मला घेऊन गेली जुन्या गाड्यांच्या आवारात. ती भाव करत होती आणि मी आपला मागं फिरत होतो. तिथं कोपऱ्यात एका टॅक्सीचा नुसता सांगाडा. चाकं गेलेली, इंजिन गेलेलं, दारं गेलेली, काचा गेलेल्या. आणि मागच्या बाजूला... ताठ. तशीच. खालून रबराची एक कड बाहेर आलेली. आवाराचा मालक म्हणाला, "बघताय काय, आजोबा? सगळं विकलं गेलं, तेवढी सीट निघत नाही. आधीचा मालक म्हणाला, त्यानंही लई खटपट केली, शेवटी पोरंबाळंवाली गिऱ्हाइकं घ्यायला लागला." मी वाकलो, दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जोर लावून हलवली.

बोटभरही नाही हो! परीक्षक आता हयात नाहीत, नाहीतर तिथल्या तिथं बोलावले असते.

मग रुमाल काढला आणि एका बाजूची धूळ जरा पुसून बघितली.

हिरवी होती.