आज दुपारी कुकर लावायचा नाही

लालबागला मसाला कुटून घ्यायच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

"जाईबाई, तुम्ही इथे? आज प्राचीचा इंटरव्ह्यू ना, डेन्मार्कच्या कंपनीचा?"

"चालू आहे ना, फोनवर. म्हणून तर आले."

"अहो, अशा वेळी आईने घरी असायला नको?"

"तिनेच पाठवलं. म्हणाली, आई, तू दाराआडून पुटपुटतेस ते डेन्मार्कला ऐकू जाईल."

"आणि बाकीची चाळ?"

"काल मीच दारोदार सांगून आले. दुपारी कुकर लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही. शेजारच्या तात्यांनी तर नळाखालच्या बादलीत फडकं टाकलंय, पाणी वाजू नये म्हणून."

"ती ढोलपथकाची पोरं कुठली ऐकायला?"

"जिन्यात बसलीत, ढोल मांडीवर घेऊन. हूं नाही की चूं नाही."

"एवढं सगळं तिच्या एकटीसाठी?"

"एकटीसाठी कसं गो नलू? पवनचक्क्यांची इंजिनीअर आहे ती, अख्ख्या चाळीची. थांब, तिचाच फोन आला. हां, बोल गो. झाला? नीट बोललीस ना? बरं. बरं, आलेच."

"काय म्हणते?"

"तो साहेब तिला म्हणाला, मुंबई बरीच शांत दिसते."

"अहो, पण आत्ता फोनमध्ये ढोल वाजत होते की. नोकरी मिळाली का?"

"ते पुढच्या आठवड्यात ठरवणार. चाळीचं ठरलंय."