चाबीचीच पाहिजे

(सन सत्तावन, फागुन सरत आलेला. गोंदियाच्या बाजारात ईश्वरदासच्या घडीच्या दुकानात तिरोड्याकडचे जियालाल पटेल सकाळपासून ठाण मांडून बसलेत. सोबत लगन ठरलेली मोठी पोरगी, फुलवंता. काचेवर होणाऱ्या जावयासाठी दोन घड्या काढून ठेवल्यात, एक सोन्याची ओमेगा, एक पोलादी रोलेक्स. पटेलांचं डोकं घरून निघतानाच तापलेलं होतं, आणि पोरगी काही त्यावर थंड पाणी ओतणाऱ्यांतली नव्हे.)

जियालाल : सोन्याचीच घ्याची म्हनलो ना. किती खेपा सांगू?

फुलवंता : मंग मले कायले आनलं जी? मान हालवाले? त्याच्यासाठी गोठ्यातला बैल आनाचा होता.

जियालाल : तुही माय म्हनली, पोरीलेबी पसंत पडू द्या. तिचं आयकलो, हेच माहं चुकलं.

फुलवंता : मले ही पोलादाची पसंत आहे. झालं. घ्या आता.

ईश्वरदास : पटेलजी, बिटिया की नजर तेज है. तसा माल दोन्ही अव्वल. ओमेगा बघा, पापडासारखी पातळ. मांडवात ताटात ठेवली की बघणारे बघत राहतील. आणि ही रोलेक्स, हिच्यात पाणी जात नाही. और सबसे बड़ी बात, हिला चाबी द्यावी लागत नाही.

जियालाल : चाबी नाही, त चालते कशी?

ईश्वरदास : हाथ से. आत एक वजन बसवलंय. हात हालला की ते फिरतं, और चाबी अपनेआप भरती है. म्हणून आपोआपवाली म्हणतात.

फुलवंता : पाहा. वावरातल्या मानसाले हेच बरं. धानाच्या रोवन्याच्या दिसांत कोन सकारी उठून चाबी भरत बसते? सोन्याची त पेटीतच राहीन.

जियालाल : पेटीत राहो का गोठ्यात राहो, आपल्याले काय करा लागते? त्याहीनं मांगतली, आपन देऊन राहिलो. पयले म्हने सायकल. देल्ली. मंग म्हने घडी. बरं म्हनलो. आता म्हने साधी नाही, सोन्याची. अन आपोआपवाली नाही, चाबीचीच पाहिजे. पोरगी मांगून राहिले का घडी मांगून राहिले, मले त समजतच नाही. पन आता असी देतो का पुन्हा तोंड उघडाची सोय नाही राहिली पाहिजे.

फुलवंता : चाबीचीच पाहिजे? असं कोन म्हनलं?

जियालाल : नवरदेवाच्या गावाहून, देवरीहून, बिसनलालनं निरोप आनला.

ईश्वरदास : बिसनलाल कौन?

जियालाल : माहा साडू. हे लगन त्यानंच जुळवलं.

फुलवंता : काय म्हनले मावसाजी? जसंच्या तसं सांगा.

जियालाल : म्हनला, पोरग्यानं मामाची आपोआपवाली हातात घालून पाहली. घडी-घडी बंद पडे. असी घडी त्याच्या हाताले सोसत नाही म्हने.

ईश्वरदास : सोसत नाही? ये कोई दवा-गोली है क्या? हात हालत राहिला तर घडी चालणारच, पटेलजी. बंद तभी पड़ती है जब आदमी लेटा रहे. आमच्या पिताजींना लकवा झाला, खाटेला खिळले, तेव्हा त्यांची अशीच थांबायची. शेवटी मी बदलून चाबीवाली दिली.

फुलवंता : बाबूजी, आयकलं का?

जियालाल : आयकलो. दुकानदाराले नवी चीज खपवाची असते, तो बोलनच.

ईश्वरदास : मुझे क्या, कोई भी ले लो. दोन्ही माझ्याच आहेत. जाऊ द्या, पट्ट्याचं बघू. मनगटाचं माप आणलं?

जियालाल : हे घ्या. सूत पाठवलं त्याहीनं, हरदीत बुडवून पिवळं केलेलं. आपन या फुलीच्या चुड्याचं माप असंच सुतानं देल्लं होतं, म्हून मीबी नवरदेवाचं तसंच मांगतलो.

ईश्वरदास : ये? पटेलजी, पट्ट्यात इतक्या आतपर्यंत छेद नसतात. मुलगा वयानं किती आहे?

जियालाल : चांगला बाप्या मानूस आहे. उंचापुरा. काऊन?

ईश्वरदास : कुछ नहीं. माप स्कूलातल्या पोराचं वाटतंय, म्हणून विचारलं.

फुलवंता : द्या ते सूत इकडे.

जियालाल : तुले कायले पाहिजे?

फुलवंता : द्या म्हनली ना. हे पाहा. माह्याच मनगटाले पुरून नाही राहिलं. टोकाले टोक लागत नाही.

जियालाल : हरदीनं आखडलं असन. भिजलं का सूत आखडते.

फुलवंता : एवढं?

जियालाल : मंग माप घेनाऱ्याचं चुकलं असन. घरच्या बायाहीनं घेतलं असन. त्याहीले घडीचं काय समजते? घेतलं असन चुड्यासारखं.

फुलवंता : चुड्याचं माप मुठीवरून घेतेत, बाबूजी. आंगठा आत दाबून, हाडावरून. मनगट त त्याच्यापेक्षा बारीक राहते. तुमी म्हनता तसं झालं असन, त त्याचं मनगट या सुतापेक्षाबी बारीक आहे.

ईश्वरदास : पानी मँगवाऊँ, पटेलजी?

जियालाल : नको.

फुलवंता : सगाईच्या दिसी तो कोट घालून आला होता. कुवारातली, दसऱ्याच्या दिसांतली उन्ह. बाकीचे गमछ्यानं वारा घेऊन राहिले होते, अन हा गळ्यापावतर बटना लावून बसला होता.

जियालाल : नवरदेव होता. थाट करते मानूस.

फुलवंता : अन गिलास? पुऱ्या बैठकीले आपल्या घरच्या गिलासात पानी देल्लं. त्याचा गिलास त्याची माय घरून घेऊन आली होती. तीच हातात दे, तीच उचलून ने. वेगळा गिलास छातीच्या बिमारीवाल्याले ठेवतेत, हे लहान लेकरालेबी समजते. तुमी त्याच्या बाजूलेच बसले होते.

जियालाल : हळू बोल. बाजार आहे हा.

फुलवंता : मी कायले हळू बोलू? लपवलं त्याहीनं. हळू त्याहीनं बोलाव.

जियालाल : तोंड आवर, फुलवंता. मांडोसाठी बांबू तोडून आनले. आमगावपासून तिरोड्यापावतर सारे सोयरे बोलावून झाले. आता बोटभर सुतासाठी लगन मोडू? उद्या तुह्यासाठी कोन येईन? तुह्या मागं दुलारी आहे, तुही सख्खी बहीन. तिले कोन सून करीन, सांग.

फुलवंता : मोडा म्हनून मी म्हनलीच नाही.

जियालाल : मंग काय म्हनून राहिली?

फुलवंता : बिमार असन त बिमार म्हनाव. मी काय पळून जात होती? माय खाटेवर पडली होती तवा तिचं सारं कोन केलं? मीच ना? मले पुसलं असतं, त हो म्हनली असती का नाही म्हनली असती, हे माहं मी पाहली असती. पन पुसलंच नाही. कोटात झाकून आनला. वरून घडी मांगतली तेबी असी, का मानूस दिवसभर पडून राहिला तरी चालत राहाव. कोनाले उमजू नये. मले बिमारीचा राग नाही आला, बाबूजी. तुमचा आला.

जियालाल : माहा? मी काय केलो?

फुलवंता : तुमी गिलास पाहला होता.

जियालाल : कोन म्हनते?

फुलवंता : पावने गेल्यावर तुमी मायले पुसलं, तिनं गिलास घरून काऊन आनला म्हनून. माय म्हनली, सोवळं असन. तुमी म्हनले, असन. मी दाराआड उभी होती.

ईश्वरदास : बिटिया, जाने दो. बाप आहेत ते.

फुलवंता : म्हूनच बोलून राहिली. दुसऱ्या कोनाले कायले बोलू?

जियालाल : असन म्हनलो मी.

फुलवंता : हो.

जियालाल : ईश्वरदासजी, देवरीची मोटार कवा आहे?

ईश्वरदास : दुपारची आहे. अभी निकलोगे तो मिल जाएगी. पण आजच? त्या लोकांना काही कळवलं नाही, अचानक असं दारात जाऊन उभं राहायचं...

जियालाल : कळवलं त पुन्हा कोट घालून बसन.

फुलवंता : मीबी येते.

जियालाल : लगनाआधी पोरगी सासरच्या दारात जात नसते. लोकं शेन घालतीन तोंडात.

फुलवंता : घालू द्या. आयुष्य मले काढाचं आहे, लोकाहीले नाही.

जियालाल : मोठी जिद्दी आहेस वं तू.

फुलवंता : कोनाची पोरगी आहो?

जियालाल : चप्पल घाल. अन ते सूत पदराले बांध, पडन कुठं.

ईश्वरदास : तो पटेलजी, मैं कौनसी बाजू में रखूँ? सोन्याची, का पोलादी?

जियालाल : पयले त्याचा हात पाहून येतो.