एकशे बारावं नाव

मॅडम : ...पण काका, आत श्वास तरी घेता येतोय का हो?

काका : येतोय की. खोका उचलायला भोकं असतात ना दोन्ही बाजूंना.

मॅडम : मग त्याच भोकातून सांगा, बाहेर कधी येणार? कारण हे बघा, मी इथे आले तेव्हा माझ्या हातात यादी दिली, नाखूश कर्मचारी, एकशे बारा! अख्खा कुलपांचा कारखानाच नाखूश! तीन महिन्यांत एकशे अकरा खूश केले मी. उरलात तुम्ही एकटे. आणि माझे तीन महिने आज संपतायत, चारला मालक येणार, सगळ्या नावांपुढे सही दिसली तर मी कायम, नाहीतर मी घरी. आणि तुम्ही बसलाय खोक्यात!

काका : एकशे अकरा खूश झाले म्हणता?

मॅडम : सह्या आहेत!

स्टोअरवाला : मीपण केली. सही केली की हास्यतासाला यावं लागणार नाही म्हणाल्या.

मॅडम : दादा, तुम्ही मध्ये बोलू नका हं.

स्टोअरवाला : बोलत नाहीये. खोक्यासाठी थांबलोय. नवा कूलर गळतोय, याच खोक्यातून परत पाठवायचाय.

मॅडम : मग फाडा ना एक बाजू!

स्टोअरवाला : फाटका खोका ते घेत नाहीत.

मॅडम : काका, मी काय कमी केलं सांगा ना. फुगे लावले. मोरीतल्या आरशावर 'तू भारी आहेस' लिहिलं.

काका : तोंड धुताना एक डोळा 'भारी'च्या मागे जातो.

मॅडम : आणि टाळ्यांचं मशीन? खास तुमच्या बाकावर बसवलं! एक कुलूप झालं, की टाळ्या!

काका : शिंकलो तरी टाळ्या. सोमवारी मला सर्दी होती. दिवसभर नुसता सत्कार.

स्टोअरवाला : माझ्या हातून खिळ्यांचा डबा पडला, तर माझापण झाला.

मॅडम : बरं, खुर्ची बदलून देऊ? पंखा? खिडकीजवळची जागा?

काका : काही नको.

मॅडम : अहो, काहीतरी मागा की! मागितलंच नाही तर मी देऊ काय, कपाळ?

स्टोअरवाला : ताई गेल्यापासून यांचं असंच आहे.

मॅडम : गेल्या? अरे देवा. मला कुणी सांगितलंच नाही...

स्टोअरवाला : तशा नाही हो. रिटायर झाल्या. बहिणीकडे राहतात, चार किलो वाढल्यात. समोरच्या बाकावर बसायच्या. काकांनी कुलूप घासून पुढे सरकवलं, की ताई चावी फिरवणार आणि ओरडणार, 'उघडलं!' की लगेच पुढचं. सव्वीस वर्षं.

मॅडम : आणि आता?

स्टोअरवाला : आता मशीन चावी फिरवतं. हिरवा दिवा लागतो.

मॅडम : आणि टाळ्या! मग चांगलंच झालं की.

काका : लेका, फार बोलतोस तू.

मॅडम : पाच मिनिटं राहिली! थांबा, मीच उघडते हा खोका. एवढं काय त्यात... अगं बाई! कुलूप? बाहेरून? तुम्ही आत आणि कुलूप बाहेर, हे कसं काय?

काका : भोकातून हात काढला, झाकणाच्या पट्टीला अडकवलं. आज सकाळचंच आहे, माझ्या हातचं.

मॅडम : चावी?

काका : ही घ्या.

मॅडम : जातच नाहीये!

काका : उलटी धरलीय. हां. आता ढकलू नका, नुसती आत सोडा. ती आपली आपण बसेल. फिरवा. जोर कशाला? जोर लावायला लागला तर मी तीस वर्षं काय केलं?

मॅडम : थांबा, थांबा... हां... उघडलं!

(झाकण वर होतं. काका आत तसेच बसून आहेत.)

स्टोअरवाला : मॅडम, मालकांची गाडी आली.

मॅडम : काका? उठा ना हो, प्लीज.

काका : फिरताना कशी वाटली?

मॅडम : काय, चावी? मऊ. म्हणजे लोण्यात फिरल्यासारखी. आणि शेवटी एक बारीकसा 'टक्'. तो फार गोड होता.

काका : तो 'टक्' बसवायला अर्धा तास जातो. मशीनला विचारलं तर टाळ्या वाजवतं... हात द्या जरा. गुडघे धरलेत.

स्टोअरवाला : खोका नेऊ?

काका : ने बाबा. मॅडम, द्या तो कागद. सही करतो. तुमची नोकरी जायला नको.

मॅडम : ती बाकावरची कुलपं कसली?

काका : कालची. चौदा आहेत. सगळ्यांना हिरवा दिवा लागलाय.

मॅडम : पण उघडली कुणी नाहीत.

काका : नाही.

स्टोअरवाला : मॅडम, मालक जिन्यात आहेत. यादी मागतायत. एकशे बारावं नाव झालं म्हणून सांगू?

मॅडम : नाही झालं. सांगा, राहिलंय. मी कामात आहे. आणि दादा, जाताजाता त्या टाळ्यांची वायर काढा. काका, ताई कुठे बसायच्या?

काका : इथे. उजेडाकडे तोंड करून.

मॅडम : द्या पहिलं... सुलटी धरायची... नुसती सोडायची... उघडलं!

काका : हं. घे पोरी, पुढचं.