पल्लवीची समाजसेवा

आमच्या पल्लवीच्या समाजसेवेचं काय झालं, ते तुम्हाला सांगायचं राहिलंच. दहावीला तिला बावन्न टक्के पडले, आणि आता अकरावीतही तेच रडगाणं. म्हणून कॉलेजचा सल्ला देणाऱ्या एका मॅडमकडे तिला घेऊन गेलो. मॅडम म्हणाल्या, "काही कॉलेजं नुसते मार्क बघत नाहीत. समाजासाठी काय केलं, तेही विचारतात. हिला लहान मुलांना फुकट शिकवू द्या."

पल्लवी खूश. डिंडोलीत आमच्या बिल्डिंगखाली तिनं चटई अंथरली, दारोदार जाऊन सांगून आली. मी फळा टांगून दिला. संध्याकाळी पोरं काही आली नाहीत. समोरच्या मंगलामावशी तेवढ्या आल्या. त्यांचा नातू दुसरीत आहे.

चटईवर ऐसपैस बसून त्यांनी विचारलं, "तुले दहावीत किती मार्क पडनात, माय?"

"मावशी, मी फुकट शिकवणार आहे."

"फुकट ते समजनं. मार्क किती?"

पल्लवीनं खाली बघत सांगितले. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बारावीना निकाल लागू दे, मंग धाडसू नातूले."

चटई गुंडाळून पोरगी तडक वर गेली. मी फळा घेऊन मागोमाग गेलो, तर ही चक्क गणिताचं पुस्तक उघडून बसलेली. मी म्हटलं, "कॉलेजचं मनावर घेतलंस वाटतं?"

"कॉलेजचं भागेल हो, पप्पा. ते नुसते मार्क बघत नाहीत," ती म्हणाली. "मंगलामावशी बघतात."