अयूबने केलेला बोल्ट

नाव सेविल बायरामी, वय चोवीस, काम वडिलांच्या यंत्रशाळेत, राहणार लोहारआळी, तब्रीझ. शिक्षण तंत्रशाळेची पदविका. आमच्या घरात लिहितावाचता येणारी मी पहिलीच.

ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, माझे वडील बायरामअली यांनी काल शेजारचे लेथवाले अयूब यांच्याविरुद्ध तक्रार दिली. अयूबने मुद्दाम वाकडा बोल्ट करून दिला, त्यामुळे कटर फुटला आणि त्याचा तुकडा वडिलांच्या कानाजवळून गेला, असे तक्रारीत आहे. त्यावरून अयूब सकाळपासून येथे बसून आहेत. तुकडा कानाजवळून गेला हे खरे आहे. बाकीचे खरे नाही.

आमचे धातू कापायचे मिलिंग यंत्र जुने आहे. त्याच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पोकळ दांड्यात, कटरचा होल्डर वर ओढून धरणाऱ्या वाटीसारख्या स्प्रिंगा असतात. त्या तुटल्या. नव्या मिळत नाहीत, बाहेरचा माल येणे बंद आहे. वडिलांनी ट्रॅक्टरच्या क्लचच्या पत्र्यातून वाट्या कापून पाहिल्या, त्या दुपारपर्यंत सपाट झाल्या. मग मी सुचवले की स्प्रिंगा काढूनच टाकाव्या आणि वरून लांब बोल्ट घालून होल्डर पान्याने आवळावा. तेवढ्या लांबीचे काम फक्त अयूबच्या लेथवर होते.

अयूब म्हणाले, "उस्ताद, एवढा लांब बोल्ट? यंत्र पळून जातंय की काय, खुंटीला बांधताय ते?"

वडील म्हणाले, "तू बोल्ट कर. जीभ नंतर चालव."

काल सकाळी बोल्ट बसवला. मी स्पिंडलचे तोंड आतून पुसून तेलाचा हात दिला. तेवढ्यात माझी आत्या गुलनिसा इस्फंदच्या बियांचे धुपाटणे घेऊन आली. नव्या किंवा दुरुस्त केलेल्या यंत्राची दृष्ट काढल्याशिवाय आमच्याकडे ते चालू करत नाहीत. निखाऱ्यावर दाणे तडतडून उडत होते. तिने धुपाटणे स्पिंडलच्या थेट खाली धरले.

मी म्हणाले, "आत्या, जरा लांब धर."

ती म्हणाली, "खातं कुठून ते? तोंडानं ना? मग दृष्टही तोंडालाच लागते. तू शिकलीस ते तुझ्यापाशी ठेव."

मी होल्डर चढवला, बोल्ट आवळला. दुपारी कटर थरथरला आणि फुटला. अयूब आणि वडील या दोघांनीही लोणच्याच्या कारखान्याचे एकच काम मागितले होते, म्हणून वडिलांना संशय आला. ते थेट येथे आले.

काल संध्याकाळी मी होल्डर काढून त्याला निळा रंग लावला आणि पुन्हा बसवून पाहिला. रंग आत सगळीकडे उठला नाही, म्हणजे होल्डर नीट टेकत नव्हता. बोट आत फिरवले तेव्हा तेलात चिकटलेला, चेपलेला इस्फंदचा दाणा लागला. तो कागदाच्या पुडीत सोबत देत आहे. अंमलदारसाहेबांनी विचारले की एवढ्याशा दाण्याने लोखंड सुटते का. सुटते. होल्डर दाण्यावर टेकला, बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटला, काम सुरू झाल्यावर दाणा चेपला आणि पकड गेली. दाणा काढून आज सकाळी वडिलांसमोर त्याच बोल्टवर यंत्र चालवले. पकड सुटली नाही.

आत्याने हे जाणूनबुजून केलेले नाही. तिला आरोपी करू नये. आत्या येथेच आहे. तिचे म्हणणे असे की, "तुकडा कानाजवळून गेला, कानात नाही. मग दृष्ट कुणी काढली होती?" हे तिच्या आग्रहावरून लिहिले आहे.

अयूबशी माझा काय संबंध, असे विचारले. ते शेजारी आहेत. अंमलदारसाहेबांनी 'फक्त शेजारी' असे लिहिले होते. मी त्यातला 'फक्त' खोडायला लावला.

वडील तक्रार मागे घेत आहेत. माफीचे विचारले तेव्हा ते मला म्हणाले, "लिहायला सांग, बोल्ट सरळ आहे."

अयूब बाकावरून म्हणाले, "उस्ताद, याची एक नक्कल द्या. दुकानात चौकट करून लावतो."

वडील म्हणाले, "चौकट आमच्या मिलिंगवर करून घे. उद्या ये."

एवढाच माझा जबाब. तो मला आमच्या तुर्की बोलीत वाचून दाखवला, मी स्वतःही पुन्हा वाचला, सांगितल्याप्रमाणेच आहे. बोल्टच्या वाक्याखाली वडिलांनी आपणहून अंगठा दिला आहे.

सही: सेविल बायरामी